उघडा आकडा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या खाणीचे व्यवस्थापक साहेब. संशोधन केंद्रातून मुद्दाम वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या प्राध्यापकबाई. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना कागदोपत्री मोजणी कक्षाचे प्रमुख म्हणतात आणि एरवी सगळी वसाहत "मागेपुढे सर" म्हणते. त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. मोजणी कक्षातली मुलं-मुली. आणि अगदी शेवटच्या रांगेत दाराला चिकटून बसलेले माझे बचाव पथकातले भाऊबंद, ज्यांना कुठेही नेलं तरी आधी बाहेर पडायची वाट बघून मग बसायची खोड आहे. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी मला "दोन शब्द बोला" असं सांगितलं. दोन म्हणजे कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, ते काही त्यांनी सांगितलं नाही. सरांच्या कक्षात हे खपलं नसतं. तेव्हा माझे दोन शब्द लांबले तर दोष त्यांच्याकडे.

निमंत्रणपत्रिकेवर सरांचा सत्कार कशाबद्दल आहे तेही छापलंय. "बहुमितीय सलग विदेच्या संभाव्यताधारित टेन्सर विघटनातील मौलिक कार्याबद्दल." बाईंनी ते मघाशी एका दमात, न अडखळता म्हटलं. त्याबद्दल खरं तर त्यांचाही एक छोटासा सत्कार व्हायला हरकत नव्हती. आमच्या घरी पत्रिका आली तेव्हा माझ्या बायकोने ती दोनदा वाचली आणि हलक्या आवाजात मला विचारलं, "अहो, सरांना हे कधीपासून झालंय? आणि यावर औषध नाही का काही?"

हसताय तुम्ही, हसा. पुढे फारसं हसायला मिळेल असं मला वाटत नाही.

पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर कागद चिकटवलाय, ती माझ्या आईसाठी राखून ठेवली होती. आयोजकांनी आठवणीने ठेवली, त्यांचे आभार. आई आलेली नाही. का आली नाही, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला आपल्याला ठाऊक आहे असं वाटतं. खाण खचली त्या दिवशी माझा धाकटा भाऊ आत अडकला होता. पथक घेऊन मी तोंडाशी तयार उभा होतो. सरांच्या आकड्यावरून आम्हाला थांबवलं गेलं, आणि धाकटा गेला. म्हणून म्हातारी सरांचं तोंड बघत नाही, असं वसाहत इतकी वर्षं धरून चालली आहे. मीसुद्धा तेच धरून चाललो होतो, ही पत्रिका घरात येईपर्यंत.

ते तसं नाही. खरं काय आहे ते सांगायला मी उभा राहिलोय. आईने सरांसाठी एक निरोप दिलाय. तो चारचौघांत द्यावा की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. पण सर मला एकटे सापडतच नाहीत. बाजाराला जायचा जवळचा रस्ता आमच्या दारावरून आहे, आणि सर पाण्याच्या टाकीमागून लांबचा वळसा घालून जातात. ऊन असो, चिखल असो, गुडघे दुखत असोत. वहिनी, तुम्हाला हे माहीत आहे. तेव्हा आज ते मंचावर मध्यभागी बसलेत, उठून जाता येत नाही, ही संधी मी सोडणार नाही.

पण आधी रीतीप्रमाणे सत्कारमूर्तींच्या कार्याविषयी बोलायला हवं.

सर पहिल्यांदा आमच्या पथकाला शिकवायला आले तेव्हा आम्हाला वाटलं, झालं, आता फळाभर उलटीसुलटी चिन्हं आणि आपण जांभया द्यायच्या. सरांनी खडू हातात घेतलाच नाही. त्यांनी आमच्यातल्या सगळ्यांत थोराडाला विचारलं, "तुमच्या घरात आवाज किती असतो?"

तो म्हणाला, "कुठल्या खोलीत विचारताय? आणि केव्हा?"

"शाबास," सर म्हणाले. "अर्धं शिकून झालं."

मग त्यांनी समजावलं. घरातल्या आवाजाची मोजकी कारणं असतात. आजोबांचा खोकला, पोरांची भांडणं, टीव्ही. प्रत्येक कारणाची आपली खोली, आपली वेळ. खोकला पहाटे वाढणार, आतल्या खोलीत मोठा, बाहेर बारीक. पोरं शाळा सुटल्यावर. मी तुमच्या घरात दोन-तीन जागी अधूनमधून नुसता कान लावला, तरी ही कारणं मला एकमेकांपासून सोडवून घेता येतात. हे विघटन. आणि एकदा ती सुटी झाली की पुन्हा जोडून, जिथे मी कान लावलाच नाही त्या खोलीत, कुठल्याही क्षणी आवाज किती असेल, ते मला सांगता येतं.

मागून एकाने विचारलं, "आणि सासूबाईंचा आवाज, सर?"

सरांनी त्यावर अगदी मनापासून विचार केला. म्हणाले, "तो जर सगळ्या खोल्यांत सगळा वेळ सारखाच असेल, तर त्यासाठी काही शोधावं लागत नाही. तो धरूनच चालायचं."

आता घराच्या जागी खाण घ्या आणि आवाजाच्या जागी वायू. बोगद्यात किती आत, जमिनीपासून किती उंचीवर, कोणत्या वेळी आणि कोणता वायू, अशी चारही अंगांनी आकड्यांची एक मोठी पेटी. तिलाच हे लोक टेन्सर म्हणतात. त्या पेटीतलं बहुतेक सगळं रिकामं, कारण सेन्सर मोजके. एक दर क्षणाला बोलतो, एकावर धूळ बसली की तो तोंड मिटून घेतो. बरं, वायू काही कप्प्याकप्प्याने उड्या मारत पुढे जात नाही, तो सलग सरकतो. सरांनी आपली पद्धत तशीच सलग बांधली. बोगद्यातली कुठलीही जागा विचारा, कुठलाही क्षण विचारा. आणि किती कारणं धरायची तेही ती पद्धतच ठरवायची. जे कारण कामाचं नाही ते आपोआप विझत जायचं. आपल्या कचेरीत अशी सोय झाली तर किती खुर्च्या रिकाम्या होतील, हे मी अध्यक्षांसमोर बोलणार नाही.

पण सरांचं खरं वेगळेपण याच्याही पुढे आहे. प्राध्यापकबाई जास्त चांगलं सांगतील, मी आपलं माझ्या भाषेत सांगतो. सरांची पद्धत नुसतं "इतका वायू असेल" असं म्हणून गप्प बसायची नाही. माझा अंदाज कुठून कुठपर्यंत चुकू शकतो, तेही सांगायची. सेन्सर जवळ असला की हे अंतर थोडं. दूर गेलात, मोजमाप नाही अशा अंधारात गेलात, की अंतर वाढत जाणार. त्या अंतराला सर म्हणायचे मागेपुढे. कारण काय, तर आपल्याला किती माहीत नाही, हे माहीत असणं हीच त्यांच्या लेखी विद्या होती.

आणि त्यातून त्यांच्या कक्षात तो नियम झाला. नव्या लोकांना माहीत नसेल. त्या कक्षात कुणीही, कसलाही आकडा मागेपुढे लावल्याशिवाय बोलायचा नाही. चहा किती वेळात येईल? "दहा मिनिटांत, मागेपुढे पाच." वय काय? "चाळीस, मागेपुढे शून्य, आईने तारीख लिहून ठेवलीय." मागेपुढे न लावता बोललात, तर तो उघडा आकडा, आणि ज्याच्या तोंडून उघडा आकडा निघाला त्याने त्या दिवशी सगळ्यांच्या कपबश्या विसळायच्या. मोठमोठे साहेब त्या मोरीवर उभे राहिलेले मी पाहिलेत. अध्यक्षसाहेब, आपणही एकदा होतात. चांगल्या विसळल्या होत्या तुम्ही.

आता साहेबांनी नवीन यंत्र बसवलंय. त्यावर आकडाच नाही, नुसता दिवा. हिरवा म्हणजे जा, लाल म्हणजे थांबा. तो दिवा किती खात्रीने हिरवा झालाय हे दिव्याला विचारायची सोय नाही. त्याबद्दल बोलायची ही जागा नव्हे, म्हणून मी एवढंच बोललो.

सरांच्या कक्षात सर्वांत जास्त चहा प्यायला असेल तर तो माझ्या धाकट्याने.

तो बोगद्यात सेन्सर बसवायचा, पुसायचा, बिघडले की बदलायचा. खरं तर त्याचं टेबल दुसऱ्या इमारतीत होतं, पण तो पडीक सरांकडे. सर त्याला सेन्सर लावायच्या जागा सांगायचे आणि तो त्यांच्याशी वाद घालायचा. "सर, तिथे पाणी ठिबकतं, तुमच्या पद्धतीला ते दिसत नाही." मग सर स्वतः टोपी घालून खाली उतरायचे, ठिबकणारं पाणी बघायचे आणि वर येऊन मुकाट्याने जागा बदलायचे. वहिनी, तुम्हाला मूल नाही, म्हणून तुम्ही दोघांनी त्याच्यावर जीव लावला, असं लोक म्हणत. मला ते कधी आवडलं नाही. जीव लावायला असलं कारण कशाला लागतं?

तो कक्षातला नियम घरी घेऊन आला. आई चुलीशी असायची. हा येऊन विचारायचा, "जेवायला किती वेळ?"

"झालंच."

"झालंच नाही, आई. मागेपुढे सांग."

"थोबाडीत देईन. मागे एक, पुढे एक."

सुरुवातीला ती वैतागायची. पुढे तिलाच गोडी लागली. दूधवाल्याला विचारायची, उद्या किती वाजता, मागेपुढे किती. डॉक्टरांना विचारायची, हा गुडघा किती दिवसांत बरा होईल, मागेपुढे लावून सांगा. डॉक्टर चिडायचे. आणि मायलेक एकमेकांकडे बघून हसायचे. माझ्या घरात इतकं हसू पुन्हा झालं नाही.

मग तो दिवस. तपशिलात मी जास्त जाणार नाही, इथे बसलेल्या पुष्कळांनी तो पाहिलाय. सकाळी लांबच्या बोगद्याचं छत खाली आलं. धाकटा आणि त्याचे दोन सोबती पलीकडे राहिले. आत कुठेतरी धुमसत होतं, म्हणजे हवा विषारी होत जाणार हे उघड होतं. आमच्या पाठीवर श्वासाच्या टाक्या असतात, विषाची आम्हाला भीती नाही. पण ज्वालाग्राही वायू एका रेषेच्या वर साठला की एक ठिणगी पुरते, आणि तिथे टाकी काय कामाची. खचलेल्या भागातले सगळे सेन्सर मेले होते. उरलेल्यांच्या जोरावर सरांनी हिशोब मांडला.

मी मुखवटा कपाळावर सरकवून त्यांच्या पडद्यासमोर उभा होतो. माझ्यामागे सगळं पथक.

"किती आहे, सर?"

"मधला आकडा रेषेच्या खाली आहे."

"मग निघतो."

"थांबा. वरचं टोक रेषेच्या वर जातंय. चांगलंच वर."

"टोकं मला सांगू नका. तुम्हाला काय वाटतं, ते एक सांगा."

"एक माझ्याकडे नाही."

"आत तो आहे, सर."

"कोण आहे ते मला माहीत आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, की कापला नाही. मला त्या क्षणी त्यांचा गळा धरावासा वाटला. मी धरला नाही, कारण हातात मोजे होते आणि ते काढायचं सुचलं नाही.

तेव्हाच्या व्यवस्थापकांनी नियमाप्रमाणे आम्हाला थांबवलं. सर म्हणाले, "वरून भोक पाडा. त्या भागातलं मला एक माप मिळू दे, मी दोन्ही टोकं जवळ आणतो." यंत्र आलं, भोक पडू लागलं. आम्ही सगळे सामान चढवलेले, बाकावर बसून. ऊन इकडून तिकडे सरकलं. माप आलं. टोकं जवळ आली, दोन्ही रेषेच्या खाली. सर म्हणाले, "जा." आम्ही गेलो.

तिघंही भिंतीला टेकून बसलेले होते. अंगावर खरचटलेलंसुद्धा नव्हतं, विषारी हवेनेच नेलं होतं.

नंतर वसाहतीत बोललं गेलं, वायू कमीच होता, उगाच थांबवलं. मला हे सभागृहात एकदा स्पष्ट सांगू द्या, कारण पुन्हा आपण सगळे असे एकत्र बसणार नाही. भोकातून मिळालं ते भोक पडलं त्या वेळचं माप. त्याआधी, मी मुखवटा घेऊन उभा होतो तेव्हा आत वायू किती होता, ते माप कुणी घेतलेलं नाही आणि आता कुणाला घेता येणार नाही. सरांना जेवढं माहीत होतं तेवढंच त्यांनी सांगितलं. माझ्यामागे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी वाट बघत होतं. त्यातले बहुतेक आज दाराशी बसलेत, केस पिकलेत, पोटं सुटलीत. पथकाचा प्रमुख म्हणून मी म्हणतो, सरांचा निर्णय बरोबर होता. भाऊ म्हणून मला काय वाटतं ते विचाराल, तर काही दिवस पटतं, काही दिवस पटत नाही. पावसाळी हवा असली की पटत नाही. याहून जास्त खात्रीचं काही मी सांगितलं तर ते खोटं होईल.

वहिनी, सरांना जरा पाणी द्या.

त्यानंतर काही दिवसांनी सर आमच्या घरी आले. तिथे जे घडलं, ते फक्त आम्हा तिघांना माहीत आहे. आई आतल्या खोलीत जमिनीवर बसलेली होती. सर तिच्यासमोर खालीच बसले. मग आईने डोळे पुसले आणि विचारलं, "सर, तो किती वेळ होता हो?"

सर म्हणाले, "लगेच गेला, आई. त्याला काही कळलंसुद्धा नाही."

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. मला एकदम हलकं वाटलं. वाटलं, देवमाणूस. आईने मान हलवली. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि सर जाईपर्यंत बाहेर आली नाही. त्या दिवसापासून तिने सरांना तोंड दाखवलं नाही आणि सरांनी रस्ता बदलला.

आता परवाची गोष्ट. आईला हल्ली दिसत नाही, पत्रिका मीच वाचून दाखवली. ते लांबलचक नाव मी अडखळत वाचलं, तर ती म्हणते, "नीट वाच, धाकट्याला पाठ होतं." मग मी म्हटलं, तुझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतायत, न्यायला गाडी येईल.

"मी येणार नाही."

"आई, किती वर्षं झाली. आणि त्यांनी थांबवलं नसतं तर कदाचित मीही आज नसतो."

"थांबवलं म्हणून कोण रागावलंय?" आई म्हणाली. "माझं एक पोर आत होतं आणि एक बाहेर. त्या माणसाने बाहेरचं राखलं. तेवढी अक्कल आहे मला."

"मग राग कशाचा?"

"त्याने मला उघडा आकडा दिला."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते ते. मग ती बोलत सुटली. माझी आई एका दमात इतकं बोललेली मी कधी ऐकलं नव्हतं.

"तुला टोकं दाखवली. साहेबाला दाखवली. साध्या चहाला मागेपुढे लावणारा माणूस, आणि मला म्हणतो लगेच. मी काय खुळी होते? तो बोलला तेव्हाच मला कळलं की याला माहीत नाही, नाहीतर माहीत आहे आणि सांगायचं नाही. तूच सांगितलंस ना, तिघं भिंतीला टेकून बसले होते? लगेच गेलेला माणूस टेकून बसतो का रे?"

मी म्हटलं, "तुझं मन राखायला बोलले ते."

"माझं मन राखायला माझ्या लेकराचा शेवटचा दिवस माझ्यापासून काढून घेतला त्याने. तो तिथे बसून वाट बघत असेल. घरची आठवण काढत असेल. सोबत्यांना धीर देत असेल, त्याचा स्वभावच तसा. ते त्याच्या आईला ठाऊक नको? जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक असायला हवं मग? इतकी वर्षं मी त्याचा तो दिवस मनात धरायला बघते आणि मला काही धरायला मिळत नाही. एक मिनिट धरू की सबंध दिवस धरू?"

मी पत्रिका घडी घालून ठेवली. मग ती म्हणाली, "त्याला सांग, घरी ये आणि नीट सांग. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती. रडणार नाही म्हणावं. ऐकून घेईन."

हा निरोप, सर.

खाली बघू नका. मी भांडायला उभा नाही. तुम्ही तो हिशोब केलेला आहे, हे मला माहीत आहे. न करता राहणारे तुम्ही नाही. आतल्या हवेचं काय होत गेलं असेल, कोणत्या वेळी किती, हे सगळं तुम्ही त्याच पद्धतीने मांडलं असणार. आणि तुमच्याकडून शिकून मला एवढं तर कळतं की त्याचं वरचं टोक कुठवर जातं. ते भोक पडेपर्यंत जातं. आम्ही खाली उतरायच्या पिंजऱ्यात चढलो तिथपर्यंत जातं. म्हणजे मी बाकावर बसलो होतो आणि तो भिंतीला टेकून बसला होता, आणि आम्ही दोघं भाऊ एकाच वेळी वाटच बघत होतो, असंही असू शकतं. तुम्ही आईला "लगेच" म्हणालात तेव्हा मी तांब्या घेऊन दारात उभा होतो. तुम्ही बोललात तिच्याशी, पण बघत होतात माझ्याकडे. हे माझ्या परवा ध्यानात आलं. तुम्ही तो आकडा माझ्यासाठी झाकला, सर. तुमच्या सगळ्या आयुष्यात एकदाच तुम्ही हे केलंत, आणि त्यानंतर ते ओझं घेऊन टाकीमागून चालत राहिलात.

त्याबद्दल तुमचे आभार मानावेत की काय करावं, मला समजत नाही. आभार तर मानतोच, ही आभार मानायचीच जागा आहे.

पण आता ते राहू द्या. माझं काय व्हायचं ते होईल. आईला खोटं सुख नको आहे, तिला तिच्या मुलाचा दिवस हवा आहे, जेवढा मिळेल तेवढा, जसा असेल तसा. तो तिला देऊ शकेल असा माणूस एकच आहे आणि तो उद्या सामान बांधून बहिणीच्या गावी कायमचा राहायला निघालाय, असं मी ऐकतो. सर, गाडीत बसायच्या आधी आमच्या घरी या. जवळच्या रस्त्याने या.

अध्यक्षमहाराज, मला दिलेल्या वेळेपेक्षा मी जास्त बोललो आणि समारंभाला शोभणार नाही असंही बोललो. आयोजकांनी मला इथे उभं केलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आपला ऋणी आहे. जीभ कुठे घसरली असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. वहिनींना त्रास झाला असेल तर त्यांची हात जोडून क्षमा मागतो. सरांची मागत नाही. त्यांनी माझी मागू नये. आमच्या दोघांत ते तसंच बरं आहे.

दार उघडंच असेल, सर. आई आतल्या खोलीत असते. तुम्ही तिला सगळं सांगा, दोन्ही टोकं सांगा, घाई करू नका. मला ते ऐकायचं नाही. तुमचं होईपर्यंत मी बाहेर पायरीवर थांबेन. थांबायची मला सवय आहे.